गाव शिवारात गेलंय

धाराशिव जिल्ह्यातलं एखादं लहान गाव बघायचं असेल तर ते रिकामं असतं त्या दिवशी जावं. असा दिवस वर्षातून एकदाच येतो, मार्गशीर्ष अमावस्येला. पंचांगात ती दर्श वेळा अमावस्या, शहरातल्या माणसाच्या तोंडी वेळ अमावस्या आणि गावात नुसती येळवस. लातूर-धाराशिव, सोलापूरचे पूर्वेकडचे तालुके आणि पलीकडे बिदर-कलबुर्गीपर्यंतचा काळ्या मातीचा पट्टा या दिवशी घराला कडी घालून रानात जातो. पुण्या-मुंबईकडं गेलेली पोरं एखाद्या दिवाळीला चुकतील, येळवशीला सहसा चुकत नाहीत. दुपारी बाराच्या सुमारास गावात शिरलात तर पारावर झोपलेलं कुत्रं आणि चालणं होत नाही म्हणून मागं राहिलेली, उंबऱ्यात बसलेली एखादी म्हातारी, एवढंच गाव हाती लागतं.

गेल्या येळवशीला सोलापूरहून गाडी काढली ती याच हिशेबानं. या जिल्ह्यातली नेहमीची सहल ठरलेली असते: तुळजापूरला देवीचं दर्शन, नळदुर्गचा किल्ला, वेळ उरला तर परंड्याचा किल्ला किंवा तेरची जुनी मंदिरं. मधली गावं फाट्यावरच्या पाट्यांपुरती. त्या पाट्यांच्या आत वळलं की काय दिसतं, हा या लेखाचा विषय आहे. सांगायचं ते एवढंच की, रस्त्यावरून दिसतं ते गावठाण असतं. गाव त्याच्यापेक्षा बरंच मोठं असतं. ते शिवारात पसरलेलं असतं आणि गेल्या शंभर वर्षांतही.

सरहद्दीपलीकडे

सोलापूर-हैदराबाद महामार्गाला आता 65 हा आकडा आहे. इटकळ, अणदूर, नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा अशी गावं ओवत तो कर्नाटकात शिरतो. रुंद झाल्यापासून सोलापूर कधी मागं पडलं आणि धाराशिव जिल्हा कधी लागला ते कळतही नाही. 1948 पर्यंत मात्र ते चांगलंच कळत असे. सोलापूर इंग्रजांचं आणि इथून पुढं निजामाचं. नाण्यापासून बदल सुरू व्हायचा. हाली सिक्का वेगळा, टपालाचं तिकीट वेगळं, मालावरची जकात घ्यायला करोडगिरीचा नाका आणि कचेरीत उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. सोलापूरच्या हद्दीतल्या आणि या हद्दीतल्या दोन शेजारच्या गावांच्या स्वातंत्र्यात तेरा महिन्यांचं अंतर पडलं, ते हे.

शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान. त्याच्या नावावरून पडलेलं उस्मानाबाद हे नाव जाऊन 2023 च्या फेब्रुवारीत केंद्राच्या संमतीनं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, रेल्वे स्टेशनवरची अक्षरं बदलली. काळीभोर, बहुधा जुळं देणारी इथली शेळी मात्र पशुसंवर्धन खात्याच्या कागदावर आणि बाजारातही उस्मानाबादीच राहिली. या भागातल्या भूमिहीन बाईचं बँकखातं म्हणजे ही शेळी. आजारपण आलं की एक विकायची, शाळेची फी आली की दुसरी.

अणदूर आणि नळदुर्ग ही महामार्गावरची शेजारची गावं एका गोष्टीसाठी जरूर थांबून बघावीत. दोन्ही गावांत खंडोबाचं देऊळ आहे आणि मूर्ती एकच. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला असतो. चंपाषष्ठी झाली की वाजतगाजत नळदुर्गच्या मैलारपुरात जातो, पौषातल्या पौर्णिमेची मोठी यात्रा तिथं करतो आणि मग परत येतो. देव नेताना-आणताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या मुक्कामावरून गावागावांत डोकी फुटल्याच्या हकिगती आपल्याकडं कमी नाहीत. इथं दोन गावांनी कागद केला आणि तो पाळला. येळवशीच्या दिवसात देव नळदुर्गला असतो, त्यामुळे अणदूरचा गाभारा आणि आसपासची गावठाणं एकदमच रिकामी सापडतात.

नळदुर्गबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. बोरी नदीला किल्ल्याच्या आत घेणारा बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल, वरून पाणी कोसळत असताना कोरडं राहणारं दालन, नर आणि मादी हे दोन सांडवे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम आजही पावसाळ्यात गर्दी खेचतं. त्या गर्दीला सहसा माहीत नसलेला एक रहिवासी इथं होता, कर्नल फिलिप मेडोज टेलर. 1853 च्या तहात निजामानं नळदुर्गचा मुलूख कंपनीकडं दिला, तेव्हा टेलर इथला अधिकारी झाला. ठगांवरच्या कादंबरीनं तो आधीच गाजलेला होता. इथं त्यानं जमिनीची मोजणी सुरू केली, रस्ते आखले, गावोगाव फिरला. 1857 मध्ये त्याची बदली बुलढाण्याला झाली आणि 1860 मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडं गेला. पुढं 1863 मध्ये त्यानं 'तारा' ही कादंबरी लिहिली. तिची नायिका तुळजापूरच्या पुजाऱ्याची मुलगी. म्हणजे या जिल्ह्यातल्या लहान गावांतून फिरून त्यांच्याबद्दल लिहिण्याची खोड पावणेदोनशे वर्षांची जुनी आहे.

दुष्काळानं बांधलेला रस्ता

महामार्ग सोडला की रस्ता एकेरी होतो. समोरून ट्रॅक्टर आला तर एकानं साइडपट्टीवर उतरायचं. दोन्ही बाजूंना बाभळी, मधूनच चिंच. असे कितीतरी रस्ते पहिल्यांदा झाले ते 1972 च्या दुष्काळात. त्या वर्षी मराठवाड्यात विहिरी आटल्या, पेरलेलं उगवलं नाही आणि सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते. बाया-माणसं हातोड्यानं खडी फोडत बसली. मजुरी खडीच्या ढिगाच्या मापावर. लहान पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो. तिची भाकरी घशाखाली उतरत नव्हती, ही आठवण सत्तरी ओलांडलेलं कुठलंही माणूस इथं न विचारता सांगतं. या कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढं देशभराच्या कायद्याला तो नमुना ठरला. शहरातून सहलीला आलेल्या गाडीखालचा डांबराचा थर अलीकडचा असतो. त्याच्याखालची खडी कुणाच्या तरी आजीनं फोडलेली असते.

डिसेंबरअखेर दोन्ही बाजूंची रानं पाहण्यासारखी असतात. जिथं ज्वारी आहे तिथं ती छातीला लागलेली, कुठं पोटरीत, कुठं निसवलेली. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी 35-1 ही इथली रब्बीची राणी. थंडीच्या दहिवरावर आणि जमिनीतल्या ओलाव्यावर येणारी, माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा देणारी. हरभरा घाट्यावर आलेला असतो, करडईच्या काटेरी पानांत पिवळेपणा दिसू लागलेला असतो, तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात. मात्र ज्वारीची सलग रानं आता शोधावी लागतात. खरिपात सोयाबीननं आणि जिथं पाणी आहे तिथं उसानं जमीन व्यापली आहे. सोयाबीन रोख पैसा देतं, तीन-साडेतीन महिन्यांत रान मोकळं करतं आणि मळणीयंत्रातून थेट आडतीवर जातं. दावणीला मात्र ते काही देत नाही. ज्वारी कमी झाली, कडबा महाग झाला, बैल गेले. गावातल्या गोठ्याचं ट्रॅक्टरच्या शेडमध्ये रूपांतर कसं झालं, याचं उत्तर या एका पिकात बरंचसं सापडतं.

येळवस

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. शंभराच्या आत उंबरे, एक मारुती, एक पार, एक पाण्याची टाकी. त्या दिवशी या पट्ट्यातलं कुठलंही लहान गाव असंच असतं आणि कुठल्याही बांधावरून हाकही तीच येते: "पाव्हणं, या की. भज्जी खायला या." गाडी हळू केली तरी पुरतं. मग पहिला प्रश्न येतो, "कोणचं गाव?" आपण जे गाव सांगू त्यातला कुणीतरी पाहुणा, नाहीतर कुणाचा तरी मेव्हणा त्यांना माहीत असतोच. ओळख पटल्यावर जेवण मिळतं असं नाही. ओळख जेवताना काढायची असते.

रानातल्या एखाद्या लिंबाखाली किंवा आंब्याखाली कडब्याच्या पाच पेंढ्या उभ्या करून, वर शेंड्याला बांधून कोप केलेली असते. आत पाच दगड मांडलेले, चुन्यानं रंगवलेले, कावेचे पट्टे ओढलेले. हे पांडव. शेजारी लक्ष्मी. पुढं अंबिलीचं मडकं. कोपीवर शाल नाहीतर नवं लुगडं पांघरलेलं. पूजा घरातला कर्ता माणूस करतो, नैवेद्य दाखवतो आणि मग एका भांड्यात अंबील घेऊन झाडाच्या डहाळीनं ती शिंपडत सगळ्या पिकाला फेरी घालतो. मागून पोरं ओरडत पळत असतात. जे ओरडतात त्यात अर्धी कानडी असते. त्याचा अर्थ पोरांना ठाऊक नसतो आणि बापालाही बहुतेक नसतोच. या भागात मराठी आणि कानडी एकाच बांधावर वाढल्या, त्याची ही खूण.

खरा सण पत्रावळीवर असतो. अंबील आदल्या रात्रीची: ज्वारीचं पीठ शिजवून गार केलेलं, ताकात कालवलेलं, लसूण-जिरं वाटून घातलेलं आणि मातीच्या मडक्यात रात्रभर मुरलेलं. ज्वारी-बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, शेंगापोळी, गव्हाची खीर, वांग्याचं भरीत, धपाटे. या सगळ्यांच्या मधोमध भज्जी. तिला भाजी म्हणणं म्हणजे तिचा अपमान आहे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, वालाच्या आणि घेवड्याच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे हे आधी मिठाच्या पाण्यात शिजवायचे. मेथी, चाकवत, हरभऱ्याची कोवळी पानं, कांद्याची पात निवडून, चिरून त्यात सोडायची. चिंचेचा कोळ घालायचा. मग ताकात कालवलेलं हरभऱ्याचं पीठ लावून, सतत ढवळत, पळीवरून दाटपणे पडेल इतकं आटवायचं. वर हिरव्या मिरचीची आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी. रंग हिरवट पिवळा, चव आंबट-तिखट, आणि प्रत्येक घासाला दाताखाली वेगळा दाणा. एक वाटी संपवून हात आखडला की बाई काही न विचारता दुसरी ओततात. पोट भरलं हे वाक्य त्या दिवशी कुणी ऐकत नाही.

भज्जीकडं जरा बारकाईनं बघावं. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक दाणा आणि प्रत्येक पान त्याच रानातलं असावं, असं मूळ गृहीत आहे. ती एका मिश्र पिकाच्या शेताची ताटातली यादी आहे. आता अनेक घरांत वाटाणा आणि घेवडा तालुक्याच्या बाजारातून येतो आणि ज्याच्या रानात ज्वारी नाही तो कोपीसाठी पाच पेंढ्या शेजाऱ्याकडून मागून आणतो. सण तोच आहे, पण यादीतली पिकं रानातून उठून पिशवीत गेली आहेत. शेतीत काय बदललं याचे अहवाल पुष्कळ निघतात. येळवशीच्या आदल्या दिवशी बाजारात कोण काय विकत घेतंय ते बघितलं तरी बरंच कळतं.

आणखी एक गोष्ट बांधावर बसूनच दिसते. शिवार सगळ्यांचं नसतं. ज्याला जमीन नाही तो या दिवशी दुसऱ्याच्या रानात पाहुणा असतो. हाक सगळ्यांना असते, ताट सगळ्यांना मिळतं, हे खरं. त्याबरोबर हेही खरं की कोपीपुढं हात जोडणारा आणि बांधावर बोलावलेला यांच्यातलं अंतर एका दिवसाच्या भज्जीनं मिटत नाही. आणि ही एवढी यादी रांधायला दोन दिवस आधीपासून चुलीपुढं असलेली, डालगं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या आधी रानात पोचलेली जी बाई, तिचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच असतं.

हिप्परग्याची शाळा

याच पट्ट्यात, लोहारा तालुक्यात, हिप्परगा (रवा) नावाचं गाव आहे. तिथं थांबण्याचं कारण एक शाळा. असहकाराच्या हाकेनंतर देशभर राष्ट्रीय शाळा निघाल्या, पण त्या इंग्रजी मुलखात. निजामाच्या राज्यात तसं काही करणं म्हणजे दुहेरी जोखीम होती. 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथलं उच्च शिक्षण उर्दूतून सुरू झालं. मराठी, कानडी, तेलुगू ही प्रजेची भाषा, कारभाराची नव्हे. खासगी शाळेला, वाचनालयाला, सभेलासुद्धा परवानगी लागायची आणि ती सहसा मिळायची नाही. अशा राज्यात 1921 साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी या आडगावात राष्ट्रीय शाळा काढली. सरकारी मदत नाही, सरकारी शिक्का नाही, शिकून नोकरी लागेल याची हमी नाही. तरी आईबापांनी मुलं पाठवली.

1929 च्या सुमारास या शाळेत एक नवे मुख्याध्यापक आले, व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म 1903, विजापूरकडच्या सिंदगीचा. लोकमान्य गेले तेव्हा शाळकरी वयात आजन्म ब्रह्मचर्याची आणि देशसेवेची शपथ घेतलेला हा तरुण, पुढं ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत राबला आणि आजारपणानं खचून या कोपऱ्यात आला. हिप्परग्यातच 14 जानेवारी 1932 रोजी त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1935 मध्ये ते आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईला गेले, तिथं शाळा उभी केली. त्या सहकाऱ्यांत बाबासाहेब परांजपे होते. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी आली तेव्हा सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्यांत स्वामीजी होते. 15 ऑगस्ट 1947 ला हैदराबादेत तिरंगा फडकावल्याबद्दल त्यांना पुन्हा पकडलं, ते संस्थान शरण आल्यावरच सुटले. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे.

मराठवाड्याच्या शाळांत दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्यात स्वामीजींचं नाव येतं, हिप्परग्याचं क्वचित. लढ्याचा इतिहास लिहिताना आपण हैदराबाद, औरंगाबाद, नांदेड ही नावं मोठ्या टाइपात घालतो. पण लढा चालवायला माणसं लागतात आणि ती कुठंतरी घडावी लागतात. रझाकारांच्या आधीची वीस वर्षं ज्या वर्गांत ती घडली त्यातला एक वर्ग या गावात भरत होता. तालुक्याचं ठिकाण दूर, रस्ता कच्चा, पोलिसाला यायला कष्ट. आज ज्याला आपण गैरसोय म्हणतो तीच त्या काळी सोय ठरली असणार.

सास्तूर

लोहाऱ्याकडून तेरणेच्या खोऱ्यात उतरलं की रस्त्याकडेच्या गावांची ठेवण एकाएकी बदलते. बोळ नाहीत, वळणं नाहीत. सरळ आखलेले रुंद रस्ते, काटकोनात छेदणारे, आणि एकसारखी सुटी घरं. ही भूकंपानंतरची गावं. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चार वाजायला काही मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपती विसर्जन करून माणसं नुकती अंथरुणाला टेकली होती. किल्लारीजवळ केंद्र असलेल्या 6 रिश्टरहून मोठ्या धक्क्यानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. या बाजूला सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावं कोसळली. दख्खनचं पठार भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित, हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य त्या पहाटे खोटं ठरलं.

जीव घेतला तो घरांनी. माळवदाचं घर ही इथली पिढ्यानपिढ्यांची श्रीमंती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती. वर लाकडी तुळया आणि फळ्या, त्यावर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फुटांचा थर. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब. पावसाळ्याआधी धाब्यावर नवी माती टाकायची म्हणजे गळत नाही. अशी दरवर्षी टाकलेली माती वर साठत गेली. जितकं घर जुनं आणि मोठं तितकं डोक्यावर ओझं जास्त. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दगड सुटले आणि ती सगळी माती खाली आली. खांब-तुळयांचा सांगाडा मात्र अनेक ठिकाणी उभाच राहिला होता. त्याच रात्री कुडाच्या झोपडीत निजलेली पुष्कळ माणसं वाचली. दगडामातीचं घर ही ऐपतीची खूण होती. त्या पहाटे ऐपत अंगावर कोसळली.

मग पुनर्वसन आलं. जागतिक बँकेचं कर्ज, देशभरातून मदत, संस्थांनी दत्तक घेतलेली गावं. पन्नासहून अधिक गावं जुनी जागा सोडून नव्या गावठाणात बसवली गेली. घराचा आकार जमिनीवर ठरला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट, त्याहून जास्त असेल तर 400 आणि सात हेक्टरच्या वर 750. भूकंपानं वाडा आणि झोपडी एका रेषेत आणून ठेवली होती. सरकारी तक्त्यानं ती पुन्हा वेगळी केली. एका आकाराची घरं एकत्र आखली गेल्यानं पूर्वी गल्ल्यांवरून ओळखू येणारी उतरंड आता प्लॉटांवरून ओळखू येते. जुन्या गावांच्या जागी बाभळी वाढल्या आहेत. आत शिरलं तर दगडांचे ढीग आणि कुठं एखादा उभा चौकटीचा दगड. लोक तिथं फारसे जात नाहीत. शेताला जाताना वाट त्याच बाजूनं असते, एवढंच.

पलीकडं माकणीला निम्न तेरणा धरण आहे. हीच तेरणा वरच्या अंगाला तेरजवळून येते. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचं नाव येतं. इथलं कापड भडोचच्या बंदरातून जहाजावर चढत होतं. पुढं तेच गोरोबाकाकांचं गाव झालं. आज तिथं विटांचं पुरातन त्रिविक्रम मंदिर आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं वस्तुसंग्रहालय आहे. एका नदीच्या काठानं गाडीत तासाभरात दोन हजार वर्षं अशी मागंपुढं होतात.

एक एकर

भूकंपानं आणखी एक गोष्ट केली, तिची चर्चा कमी होते. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात गावकरी आणि सरकार यांच्यामध्ये दुवा म्हणून गावोगावच्या बायकांना नेमलं गेलं. संवाद सहायक हे त्यांचं पद. सिमेंट किती, सळई कुठली, अनुदानाचा हप्ता का अडला, हे प्रश्न घेऊन आयुष्यात पहिल्यांदा कचेरीची पायरी चढलेल्या बायका त्यात होत्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेचं हे काम. घरं झाली, कार्यक्रम संपला, पण बायका घरात परत बसल्या नाहीत. बचत गट झाले, आरोग्याची कामं झाली. इकडं अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांनाच शिकवून भारतवैद्य केलं. आणि दुष्काळ पाठोपाठ यायला लागले तेव्हा या बायकांनी नवऱ्यापुढं एक मागणी ठेवली: सगळं रान तुम्ही सोयाबीनला लावा, एक एकर आम्हाला द्या.

त्या एकरात ज्वारी, बाजरी, तूर, मूग, उडीद, जवस, तीळ, घेवडा, पालेभाज्या, कडेनं शेवगा, असं खायला लागणारं सगळं. रासायनिक खत जवळजवळ नाही, शेणखत आणि गांडूळखत, बियाणं घरचं किंवा मैत्रिणीकडचं. पाऊस दगा देऊन दोन पिकं गेली तर चार हाताला लागतात. विकायचं नंतर, आधी घरात ताट भरायचं. संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला तो अशा कामासाठी. बांधावर उभं राहून तो एकर बघितला तर त्यात वेगळं काहीच दिसत नाही. भज्जीतली यादी पुन्हा मातीत पेरलेली आहे, इतकंच.

या जिल्ह्याची सरकारी ओळख आकांक्षित जिल्हा अशी आहे. म्हणजे मागास म्हणायचं टाळलेलं. आकड्यांत ती खोटी नाही. पाऊस बेभरवशाचा, शेतकरी आत्महत्या, रोजगारासाठी पुण्याची वाट. पण त्या आकड्यांवर थांबलं तर हिप्परग्याची शाळा दिसत नाही, अणदूर-नळदुर्गचा करार दिसत नाही, नवऱ्याकडून एकर मागून घेणारी बाई दिसत नाही. लहान गावात जाऊन दोन फोटो काढून परतणाऱ्यालाही त्या दिसत नाहीत. गाव गरीब पण सुखी, असं म्हणत तो निघून जातो. गाव तसं नाही. ते भांडतं, मोजून-मापून कागद करतं, जमिनीवरून माणसाची पत ठरवतं आणि वर्षातून एक दिवस अनोळखी माणसाला बांधावर बसवून पोटभर वाढतं. हे सगळं एकाच गावात एकाच वेळी चालू असतं.

तर वाचकहो, हा दिवाळी अंक हातात आहे म्हणजे लक्ष्मीपूजनाची अमावस्या जवळ आहे किंवा नुकती झाली आहे. तिच्यानंतरची दुसरी अमावस्या म्हणजे येळवस. कॅलेंडरवर आत्ताच खूण करा. सोलापूरहून निघा, नळदुर्गनंतर महामार्ग सोडा आणि कुठल्याही फाट्यावर आत वळा. कोपीजवळ जाताना चपला काढा. फोटोआधी विचारा. हातात पोरांसाठी काही खाऊ असू द्या. हिप्परग्याला दहा मिनिटं थांबा. जेवणाची चिंता करू नका. त्या दिवशी आडगावातलं हॉटेल बंदच असतं, कारण हॉटेलवालाही रानात गेलेला असतो आणि बांधावरून तुम्हालाच हाक मारत असतो.